मुंबईला कळवा

२० मे २०२४ रोजी रात्री नवाच्या सुमारास घाटकोपर पूर्वेच्या पंतनगर भागात आभाळातून पक्षी पडले. दुबईहून आलेले एमिरेट्सचे विमान मुंबईच्या धावपट्टीकडे उतरत असताना रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडकले होते. विमान सुखरूप उतरले. खाली वस्तीतून जवळपास चाळीस मेलेले पक्षी गोळा करण्यात आले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली : गुलाबी पंख, लांब मान, लोंबणारे पाय. मग काही दिवस वाद चालला. विमानाचा मार्ग, खाडीवरून गेलेल्या विजेच्या तारा, नव्या मुंबईत आटत चाललेली तळी, अशी एकेक कारणे पुढे आली.

त्या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. रात्रीच्या अंधारात हे पक्षी आभाळात करत काय होते आणि उडत राहण्याचे बळ ते आणतात कोठून? मे महिना हा ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांचा निघण्याचा हंगाम. इथून कच्छचे रण सरळ रेषेत साडेपाचशे-सहाशे किलोमीटर आहे. रोहित ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने उडतो. म्हणजे संध्याकाळी निघालेला पक्षी पहाटेपर्यंत पंख हलवतच राहणार. रात्रभरात ना चारा, ना पाणी, ना पाय टेकायला जागा. आणि तरीही या शर्यतीत रोहित हा मधलाच गडी म्हणायचा. आठ-आठ, दहा-दहा दिवस समुद्रावरून न थांबता उडणारे पक्षी आहेत, आणि त्यांचे भाऊबंद दर हिवाळ्यात आपल्याच खाडीच्या चिखलात चोच खुपसून उभे असतात.

हे कोडे उलगडण्याच्या इतिहासात मुंबईचा आणि तिच्या उपनगरांचा मोठा वाटा आहे. त्यात काही मुस्लिम घराण्यांची नावे ठळकपणे येतात, काही मुस्लिम माणसांची नावे येतच नाहीत. सालिम अलींची पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सर्वांना ठाऊक असते आणि बहुतेकांचे समाधान तेवढ्यावरच होते. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

तत्पूर्वी थोडे मागे जायला हवे. सालिम अलींनी १९२० च्या दशकात मोगल बादशहांच्या निसर्गनिरीक्षणावर एक दीर्घ लेख लिहिला होता. बादशहा म्हणजे लढाया आणि इमारती एवढेच आपल्याला शिकवलेले असते. बाबर मात्र आपल्या आठवणींत काबूलजवळच्या बारान नदीकाठच्या पारध्यांविषयी लिहितो. स्थलांतराच्या दिवसांत पक्ष्यांचे थवे हिंदुकुशकडे झेपावतात, पण वारा विरोधात असला तर त्यांना डोंगर ओलांडता येत नाही आणि ते खाली सापडतात, असे त्याने नोंदवले आहे. लांबच्या उड्डाणात पंखांइतकाच वाऱ्याचाही हात असतो, हे आज उपग्रहांनी पक्के केले आहे. पारध्यांना आणि त्यांचे ऐकून घेणाऱ्या बाबराला ते पाचशे वर्षांपूर्वी माहीत होते. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने सायबेरियन क्रौंचाचे चित्र काढले, ते युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्या पक्ष्याला नाव देण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी. अकबराने वीस हजारांवर कबुतरे पाळली होती आणि कबुतरबाजीला तो इश्कबाजी म्हणत असे, ही नोंद अबुल फजलची.

ही इश्कबाजी मुंबईत अजून जिवंत आहे. कुर्ला, जोगेश्वरीच्या गच्च्यांवर काबुके दिसतात. सकाळी उडवलेली टोळी दुपार टळेपर्यंत वर ठेवणारे उस्ताद आहेत. शर्यतीच्या दिवशी ते पक्ष्याला पोटभर चारत नाहीत. आधीचे कित्येक दिवस बाजरी, ज्वारी, बदाम असा खुराक देऊन अंग भरून घ्यायचे आणि उडवताना पोट हलके ठेवायचे, ही त्यांची रीत. यातले शास्त्र त्यांना कोणी शिकवलेले नाही. पण पक्षी पोटातल्या दाण्यावर उडत नाही, अंगात साठवलेल्यावर उडतो, ही मूळ गोष्ट त्यांच्या हाताला ठाऊक आहे. प्रयोगशाळांना ती सिद्ध करायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

आता सालिम अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६. सुलेमानी बोहरा कुटुंब. आईवडील लहानपणीच गेले आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतल्या घरात हा मुलगा वाढला. सुटीत हे कुटुंब चेंबूरला जात असे. आजच्या चेंबूरकराला खरे वाटणार नाही, पण त्या वेळी तिथे टेकड्या, झाडी आणि रात्री कोल्हे होते. पुढे १९२९ मध्ये ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकायला गेले. त्याच मुक्कामात उत्तर समुद्रातल्या हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम त्यांनी जवळून पाहिले. पक्षी पकडायचा, पायात अ‍ॅल्युमिनियमचे हलके कडे अडकवायचे, त्यावर क्रमांक आणि पत्ता कोरायचा आणि सोडून द्यायचा. जिथे तो पुन्हा सापडेल तिथल्या माणसाने पत्त्यावर कळवायचे. डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सेन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये रूढ केलेली ही पद्धत. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ च्या सुमारास धार संस्थानात बदकांवर ती करून पाहिली होती, पण नेटाने असे काम झाले नव्हते.

जर्मनीहून परतल्यावर सालिम अलींना नोकरी नव्हती. ते किहीमला राहिले, सुगरणींचा अभ्यास केला. मग १९३६ ते १९३९ या काळात हुमायून अब्दुलअली या आपल्याहून अठरा वर्षांनी लहान असलेल्या नातलगाबरोबर त्यांनी सोसायटीच्या नियतकालिकात एक लेखमाला लिहिली : मुंबई आणि साष्टीचे पक्षी. साष्टी म्हणजे आजची सगळी उपनगरे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा भातखाचरांची, मिठागरांची आणि ताडांची गावे होती. कोणता पक्षी कधी येतो, कधी जातो, कुठे उतरतो, याची ही पहिली नीट मांडलेली यादी. हुमायून अब्दुलअली स्वभावाने तिखट, पुराव्यावाचून एक शब्द न मानणारे. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षण कायद्यामागे त्यांची खटपट होती, आणि बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद व्हावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. सालिम अलींशी त्यांचे मतभेदही झाले, पण साष्टीची ती यादी दोघांची आहे.

एक खंत इथेच सांगून टाकतो. या लोकांनी जे लिहिले ते इंग्रजीत लिहिले. साष्टीच्या पक्ष्यांची ही वही ना मराठीत होती, ना उर्दूत. सालिम अलींनी आपल्या पुस्तकात पक्ष्यांची मराठी नावे आवर्जून दिली हे खरे, पण ज्या कोळ्यांकडून, आगऱ्यांकडून, पारध्यांकडून ती नावे आली त्यांच्यापर्यंत ते पुस्तक पोचायला फार काळ गेला.

स्थलांतराच्या कामाला मोठी चालना मिळाली ती एका रोगामुळे. १९५७ मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला. तो रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. मग शंका आली की तो गोचिडींमार्फत स्थलांतरित पक्ष्यांनी तर आणला नाही? जागतिक आरोग्य संघटनेने पैसा दिला आणि १९५९ पासून सोसायटीचा पक्षी स्थलांतर प्रकल्प सुरू झाला. कच्छ, भरतपूर, वेदारण्यम अशा ठिकाणी तळ पडले. हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी गेली. कड्यावर इंग्रजीत कोरलेले असे : बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. मग कधी सायबेरियातल्या शिकाऱ्याचे, कधी मध्य आशियातल्या एखाद्या गावाचे पत्र मुंबईला येई. भरतपूरच्या तळ्यात पकडलेले बदक हिमालय ओलांडून हजारो किलोमीटर गेल्याचे त्यातून कळे. शीतयुद्धाचे ते दिवस. माणसांची पत्रे दहा ठिकाणी उघडून वाचली जात, पण एवढासा पक्षी पायात मुंबईचा पत्ता घेऊन सोव्हिएत हद्दीत बिनधास्त उतरत असे.

हे पक्षी पकडत कोण होते? सालिम अली नव्हेत, सोसायटीचे पदवीधर संशोधकही नव्हेत. पकडणारे होते बिहारातले मीर शिकार. पक्षी धरणे हाच ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, अशी ही गरीब मुस्लिम जमात. जाळे आणि फास विणणे, पाण्यात तासन्‌तास उभे राहणे, पक्ष्याच्या आवाजात शीळ घालून त्याला जवळ बोलावणे, आणि मुख्य म्हणजे पीसही न दुखवता त्याला हातात घेणे, ही त्यांची विद्या. त्यांच्यातले अली हुसेन हे नाव पक्षी अभ्यासकांत आदराने घेतले जाते. पण शोधनिबंधाच्या माथ्यावर लेखकांची नावे असतात आणि पक्षी धरणाऱ्याचे नाव फार तर शेवटच्या आभारात येते. धरलेला पक्षी हातात घेऊन तो किती जड झाला आहे, म्हणजे आता निघणार आहे की नाही, हे मीर शिकाऱ्याला काट्याआधी कळत असणार.

या प्रकल्पावर संशयाचे सावटही आले. पुढच्या वर्षांत त्याला अमेरिकन लष्कराच्या एका रोगविषयक विभागाकडून पैसा मिळत होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, संसदेच्या लोकलेखा समितीपुढे गेली. पक्ष्यांच्या आडून जंतुयुद्धाची तयारी चालली आहे काय, असे विचारले गेले. सालिम अलींनी हे आरोप ठामपणे फेटाळले. प्रश्न विचारणे मला गैर वाटत नाही. परक्या लष्कराचा पैसा असला की विचारावेच. पण साठ वर्षे पक्ष्यांमागे हिंडलेल्या माणसाला म्हातारपणी देशनिष्ठेची ग्वाही द्यावी लागावी, हे वाचताना आपल्यापैकी अनेकांना ते अगदी अनोळखी वाटणार नाही. क्यासनूरच्या तापाचे मूळ परदेशी पक्ष्यांत नाही, स्थानिक जंगलातच आहे, हेही पुढे स्पष्ट झाले.

त्याच सुमारास अंधेरीच्या जुहू लेनमधून एक छोटे मासिक निघू लागले होते. १९६० च्या आरंभापासून जफर फतेहअली ते चालवत. पक्षीनिरीक्षकांसाठी वार्तापत्र, एवढेच त्याचे साधे नाव. सायक्लोस्टाइल केलेली पाने, आणि लेखक कोण? तर रेल्वेतले कारकून, प्राध्यापक, डॉक्टर, चहाच्या मळ्यातले व्यवस्थापक. माझ्या अंगणात धोबी पक्षी अमुक तारखेला आला, एवढीही नोंद चालत असे. अशा नोंदी साठत गेल्या की त्यातून चित्र उभे राहते. सालिम अली सांगत की कडे घातलेला एक करडा धोबी मुंबईतल्या एका चिमुकल्या हिरवळीवर वर्षानुवर्षे परत येत असे. वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम. हिमालयातून निघायचे, सगळा देश ओलांडायचा आणि रुमालाएवढ्या त्याच हिरवळीवर उतरायचे. फतेहअलींनी हे वार्तापत्र कित्येक दशके चालवले. २०१३ मध्ये ते वारले.

कड्यांनी ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर दिले. ‘कसे’ हा प्रश्न उरला होता. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर मुंबईहून फार लांब नाही, बडोद्यात मिळाले. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जे. सी. जॉर्ज आणि त्यांचे विद्यार्थी १९५० च्या दशकापासून पक्ष्यांच्या छातीच्या स्नायूवर काम करत होते. त्यांचा मुख्य पक्षी कबुतर. त्यांनी दाखवले की कबुतराच्या छातीत दोन जातींचे तंतू असतात. रुंद, पांढुरके तंतू साखरेवर चालतात. झटकन झेप घेण्यापुरते त्यांचे काम. बारीक, लाल तंतू चरबीवर चालतात आणि उडत राहण्याचे सगळे ओझे त्यांच्यावर असते. पटत नसेल तर स्वयंपाकघरात पाहावे. कोंबडी चालते, उडत नाही. म्हणून तिची तंगडी लालसर आणि छाती पांढरी. कबुतराची छाती मात्र गर्द लाल. कसायाला हे रोज दिसते. जॉर्ज यांच्या चमूने भोरडीचाही अभ्यास केला. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर आणि पळस-पांगाऱ्यांवर गोंगाट करणारी ही गुलाबी मैना एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघते. निघण्याआधीच्या दिवसांत तिच्या अंगावर चरबीचा थर चढतो, हे त्यांनी मोजून दाखवले. १९६६ मध्ये जॉर्ज यांचा बर्जर यांच्यासह लिहिलेला पक्ष्यांच्या स्नायूंवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो जगभर वापरला गेला.

चरबीच का? कारण वजनाला वजन तोलून पाहिले तर चरबीत साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. शिवाय शरीरात साखर साठवायची तर तिच्याबरोबर तिच्या कितीतरी पट पाणी वाहावे लागते. चरबी कोरडी साठते. आणि ग्रॅमभर चरबी जळली की जवळजवळ ग्रॅमभर पाणी तयार होते. म्हणजे समुद्रावर तहान भागवायची सोयही त्यातच. माणसाच्या पोटावर चढली की आपण जिच्या नावाने बोटे मोडतो, ती चरबी या पक्ष्यांची शिदोरी आणि पाण्याची मशक दोन्ही आहे.

याचा सगळ्यात चक्रावून टाकणारा पुरावा मिळाला तोही एका अपघातातून. १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्कात पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्यांची काही पिल्ले प्रशांत महासागरावरच्या प्रवासाला निघाल्या-निघाल्या रडारच्या घुमटावर आपटून मेली. थ्यूनिस पिअर्स्मा आणि रॉबर्ट गिल यांनी त्यांचे विच्छेदन करून १९९८ मध्ये निबंध लिहिला. पक्ष्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५५ टक्के, निव्वळ चरबी होती. आणि पोटात पाहावे तर जठर, यकृत, मूत्रपिंडे, आतडी सगळी आक्रसलेली. म्हणजे निघण्यापूर्वी खाऊन घ्यायचे आणि मग खाण्याचे यंत्रच लहान करून ठेवायचे. वाटेत जेवायचे नाही तर चूल कशाला वाहायची? उतरल्यावर ते अवयव पुन्हा वाढतात.

असा पक्षी खरोखर किती जातो, हे २००७ मध्ये कळले. अलास्कात उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवलेली एक मादी न्यूझीलंडपर्यंत सुमारे ११ हजार ७०० किलोमीटर, आठ दिवसांहून अधिक काळ, एकदाही न उतरता उडाली. २०२२ मध्ये पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्कातून टास्मानियापर्यंत १३ हजार ५६० किलोमीटर अकरा दिवसांत गेले. याच जातीचे पक्षी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात येतात, आणि यांचा सख्खा चुलतभाऊ, काळ्या शेपटीचा पाणटिवळा, ठाण्याच्या खाडीत थव्याने दिसतो. भांडुपच्या उदंचन केंद्रामागच्या रस्त्याने थंडीत सकाळी गेलात तर ओहोटीच्या चिखलावर दिसतील. फार देखणे नसतात. मातकट रंग, लांब चोच. कॅमेरेवाले त्यांच्याकडे पाठ करून रोहितांकडे वळतात.

इंधन झाले, पण भाता कसा चालतो? आपण श्वास घेतो आणि त्याच वाटेने सोडतो. शिळी हवा थोडी आत राहतेच. पक्ष्याच्या अंगात फुफ्फुसांच्या पुढेमागे हवेच्या पिशव्या असतात आणि हवा फुफ्फुसातून एकाच दिशेने वाहते. श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवाच रक्ताला भिडते. पट्टेरी डोक्याचा राजहंस, जो नांदूरमधमेश्वर आणि जायकवाडीला येतो, तो याच भात्यावर हिमालय ओलांडतो. त्याच्या रक्तातला लाल द्रव्यकण विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतो. यंत्र लावलेला असा एक पक्षी ७ हजार २९० मीटर उंचीपर्यंत गेलेला नोंदवला आहे. पण तो सारा वेळ उंच उडत नाही. २०१५ च्या अभ्यासात दिसले की डोंगराच्या चढउतारांना धरूनच तो वरखाली जातो, कारण विरळ हवेत पंख मारणे महागात पडते.

वाऱ्याचे म्हणाल तर अमूर ससाण्याचे उदाहरण आपल्या डोक्यावरूनच जाते. कबुतराहून लहान असा हा शिकारी पक्षी. नागालँडमध्ये २०१२ पर्यंत त्यांची प्रचंड संख्येने कत्तल होत असे. गावकऱ्यांनीच ती थांबवली. २०१३ च्या नोव्हेंबरात तीन पक्ष्यांना उपग्रह-यंत्रे लावली. ते भारतीय द्वीपकल्प ओलांडून, पाठीवर मोसमी वारा घेऊन, अरबी समुद्रावरून आफ्रिकेत उतरले. पाच-सहा दिवस सलग उड्डाण. अरब खलाशी ज्या वाऱ्यावर आपली गलबते कोकणातून परत नेत, तोच हा वारा आणि तोच हंगाम.

झोपेचे काय, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. २०१६ मध्ये गालापागोस बेटांवरच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या मेंदूचे आलेख घेतले गेले. ते उडता उडता झोपत होते, कधी मेंदूचा अर्धा भाग तर कधी दोन्ही, पण दिवसाकाठी सरासरी अवघी बेचाळीस मिनिटे. त्याच वर्षी स्वीडनमधल्या अभ्यासकांनी दाखवले की युरोपातली पाकोळी वर्षातले दहा महिने जवळजवळ हवेतच राहते. दख्खनी घरांत पाकोळीला अबाबील म्हणतात. मशिदींच्या कमानींखाली, पुलांच्या पोटाला गवतपिसांची घरटी करणाऱ्या आपल्या पाकोळ्या त्यांच्या नात्यातल्या. माझी आजी म्हणायची, अबाबीलला पाय नसतात. असतात, पण आखूड. जमिनीवर तिचे काही अडलेलेच नसते.

आता पुन्हा खाडीकडे. रोहित पक्षी मुंबईत मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० च्या दशकाच्या मध्यापासून, आधी शिवडीला आणि मग वर भांडुप-ऐरोलीपर्यंत. का आले? शहराच्या सांडपाण्याने खाडीत शेवाळ माजले आणि लहान रोहिताचे ते मुख्य अन्न. आपल्या घाणीवर त्यांची चरबी चढते, हे ऐकायला बरे वाटत नाही. पण वस्तुस्थिती तशी आहे. संख्या लाखाच्या वर गेली. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण भरती आली की चिखल बुडतो. तेव्हा या पक्ष्यांना टेकायला उथळ कोरडी जागा लागते, आणि ती म्हणजे मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गची मिठागरे. तिथे चार-पाच तास निवांत उभे राहायला मिळाले नाही तर खाल्लेले सगळे उठण्याबसण्यातच खर्च होते. नेमक्या याच मिठागरांपैकी सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. धारावीतल्या चामडे कमावणाऱ्याला, शिवणकाम करणाऱ्याला पक्के घर मिळू नये असे कोण म्हणेल? त्यात आपलेही किती नातेवाईक आहेत. मला एवढेच दिसते की धारावीची जमीन मोकळी व्हावी म्हणून माणसांना खाडीकाठी आणि पक्ष्यांना खाडीबाहेर ढकलले जात आहे, आणि या व्यवहाराला गरिबांची सोय म्हटले जात आहे.

२०२२ च्या सुरुवातीला सोसायटीने ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारी यंत्रे बसवली. आता पत्राची वाट पाहावी लागत नाही. पक्षी कुठे आहे ते मोबाइलच्या जाळ्यातून कळते. या सहा पक्ष्यांना नावे दिली : सालिम, हुमायून, मॅकॅन, लेस्टर, खेंगार आणि नवी मुंबई. हुमायून गुजरातेत भावनगरच्या बाजूला गेला आणि पुन्हा ठाणे खाडीत परतला. साष्टीच्या पक्ष्यांची यादी करणारे ते दोन नातलग असे पुन्हा एकदा साष्टीच्या खाडीवर आले, याची गंमत वाटते. मीर शिकाऱ्यांपैकी कोणाचे नाव या सहांत नाही.

पायातली कडी मात्र अजून घातली जातात. खाडीकाठी, मिठागरात किंवा गच्चीवर कधी पायात कडे किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला, जिवंत वा मेलेला, तर ते ओढून काढू नये. त्यावरचे आकडे आणि अक्षरे लिहून घ्यावीत, जमल्यास छायाचित्र काढावे, तारीख आणि जागा टिपून ठेवावी, आणि फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउस या पत्त्यावर सोसायटीला कळवावे.